जुनं मेडिकल बिल क्रेडिट रिपोर्टवर दिसलं? आधी या चुका टाळा

इकडे अमेरिकेत घर घ्यायला निघालेल्या आपल्या माणसाला लोन ऑफिसर सांगतो की क्रेडिट रिपोर्टवर मेडिकल कलेक्शन, म्हणजे वसुली कंपनीकडे गेलेलं थकलेलं बिल, आहे, आणि हा घाबरून मला फोन करतो. बहुतेक वेळा फोन करायच्या आधीच घोळ घालून झालेला असतो. तेच तेच घोळ बघून कंटाळा आलाय म्हणून एकदाचं लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कलेक्शनवाल्याशी बोलता बोलता कार्ड काढून पैसे भरून टाकणं. "जाऊ दे, कटकट मिटवून टाकू" हा आपला स्वभाव, आणि त्यांना नेमकं तेच हवं असतं. आमच्या ओळखीतला एक मुलगा एमएस करत असताना पोटात दुखतंय म्हणून रात्री इमर्जन्सीला गेला होता. इथे एका रात्रीची बिलं तीन-चार ठिकाणांहून येतात, हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरांच्या ग्रुपचं वेगळं, स्कॅन बघणाऱ्या रेडिओलॉजिस्टचं वेगळं. याने हॉस्पिटलचं भरलं, मग अपार्टमेंट बदललं आणि रेडिओलॉजीचं बिल जुन्या पत्त्यावर जात राहिलं. काही वर्षांनी घर बघायला लागला तर रिपोर्टवर ११८० डॉलर! त्याच दिवशी फोनवर डेबिट कार्डचा नंबर देऊन मोकळा झाला. नंतर मी त्याला कॉलेजच्या इन्शुरन्सचं जुनं पोर्टल उघडायला लावलं, तर त्या तारखेचं ईओबी, म्हणजे इन्शुरन्सचा हिशेबाचा कागद, तिथेच पडलेलं. रेडिओलॉजीवाल्यांनी क्लेम मुदतीनंतर पाठवला म्हणून नाकारलेला, आणि पेशंटने द्यायच्या रकमेच्या रकान्यात ०.०० डॉलर. नेटवर्कमधल्या, म्हणजे इन्शुरन्स कंपनीशी करार असलेल्या, डॉक्टरने क्लेम उशिरा पाठवला तर करारानुसार ते पैसे सहसा पेशंटकडून मागता येत नाहीत. म्हणजे जे देणं लागतच नव्हता ते भरून बसला, आणि परत मिळवायला कित्येक महिने पत्रापत्री करावी लागली.

म्हणून माझा नियम साधा आहे. फोनवर "हो, माझंच बिल आहे" असं म्हणायचंच नाही, "लेखी पाठवा" एवढंच म्हणायचं. त्यांची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी डिस्प्यूट, म्हणजे हरकत, केला की पुरावा पाठवेपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. पत्र सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसकट. आणि "थोडे तरी भरतो" म्हणून ५० डॉलरही देऊ नका, कारण बऱ्याच राज्यांत तेवढ्यानेही कोर्टात दावा लावायची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते.

दुसरी चूक, हे बिल क्रेडिट कार्डवर टाकणं. अरे, मेडिकल देण्याला ज्या सवलती आहेत त्या तुम्ही स्वतःच्या हाताने घालवताय! इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या तिन्ही ब्यूरोंनी जुलै २०२२ पासून भरलेली मेडिकल कलेक्शन्स रिपोर्टवरून काढली, न भरलेली एक वर्ष झाल्याशिवाय दाखवायची नाहीत असं ठरवलं, आणि एप्रिल २०२३ मध्ये मूळ रक्कम ५०० डॉलरच्या खाली असलेलीही काढून टाकली. एकदा कार्डवर गेलं की ते साधं कर्ज, वर व्याज वेगळं.

"आता मेडिकल डेट रिपोर्टवर येतच नाही" असं व्हॉट्सॲपवर फिरतं, ते चूक आहे. सीएफपीबीने, म्हणजे ग्राहकांच्या पैशांचे व्यवहार बघणाऱ्या फेडरल संस्थेने, जानेवारी २०२५ मध्ये तसा नियम जाहीर केला होता, पण जुलैमध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टाने तो रद्द केला. काही राज्यांचे स्वतःचे कायदे आहेत, तेव्हा आपल्या राज्यात काय आहे ते बघा.

ॲपमधला क्रेडिट स्कोअर बघून निर्धास्त राहू नका. बऱ्याच ॲपमध्ये व्हँटेजस्कोअर नावाचा स्कोअर असतो, त्याच्या नव्या आवृत्त्या मेडिकल कलेक्शन धरतच नाहीत, पण होम लोनला सहसा फायको या दुसऱ्या स्कोअरच्या जुन्या आवृत्त्या बघतात आणि त्या धरतात. ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉमवर तिन्ही रिपोर्ट दर आठवड्याला फुकट मिळतात, तिन्ही काढा, एकात असलेलं दुसऱ्यात नसतं.

तारीख तपासा. कलेक्शन रिपोर्टवर सात वर्षं राहू शकतं, पण ती मोजायची मूळ बिल थकल्यापासून, नव्या कलेक्शन कंपनीने विकत घेतल्यापासून नाही. तारीख पुढे ढकललेली दिसली तर ब्यूरोकडे डिस्प्यूट टाका, जुनं बिल आणि ईओबी जोडा, साधारण ३० दिवसांत त्यांना तपास करावा लागतो.

महिन्याभरात सगळं साफ करून देतो म्हणणाऱ्या क्रेडिट रिपेअरवाल्यांना ॲडव्हान्स देऊ नका, काम व्हायच्या आधी फी घेणं फेडरल कायद्यानेच बंद आहे. ज्यांना दोन पत्रं लिहायचा धीर नाही तेच यांच्याकडे जातात आणि शेकडो डॉलर घालवून परत माझ्याकडे येतात.

आणि बिल खरंच तुमचं निघालं, पण फार जुनं नाही, तर आधी हॉस्पिटलच्या बिलिंग ऑफिसला फायनान्शियल असिस्टन्सचा, म्हणजे बिलात सूट किंवा माफी मागायचा, फॉर्म मागा. नॉन-प्रॉफिट हॉस्पिटलला पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज घ्यावाच लागतो, बिल कलेक्शनला गेलेलं असलं तरी.