ग्रुपमध्ये कोणी भारी, कोणी अगदी नवीन, मग पब्लिक गोल्फ कोर्स कोणता निवडायचा?

समजा चौघांचा ग्रुप आहे, एकाचा हँडिकॅप (खेळाडू किती तरबेज ते सांगणारा आकडा, जितका कमी तितका भारी) ६, दोघांचा विसाच्या आसपास, आणि चौथ्याने आत्तापर्यंत फक्त रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बॉल मारलेत. अशा वेळी कोर्स बहुतेक ६ वालाच ठरवतो कारण त्यालाच सगळ्या कोर्सची माहिती असते, आणि साहजिकच तो स्वत:ला आवडणारा कोर्स बुक करतो. मग चौथा माणूस पाचव्या होलपर्यंत सात-आठ बॉल हरवून बसतो, मागचा ग्रुप कमरेवर हात ठेवून उभा, आणि पुढच्या वेळी तो येतच नाही. मला हे खरंच वाईट वाटतं, कारण तो गेम आवडला नाही म्हणून जात नाही, कोर्स चुकीचा होता म्हणून जातो.

म्हणून माझा एकच आग्रह आहे, कोर्स निवडताना ग्रुपमधल्या सगळ्यात कच्च्या खेळाडूकडे बघून निवडा. चांगल्या खेळाडूची काळजी करू नका, तो सोपा कोर्स स्वत:साठी अवघड करून घेऊ शकतो, मागच्या टीवरून (टी म्हणजे होलचा पहिला शॉट मारायची जागा) खेळेल, ड्रायव्हर ही सगळ्यात लांब मारणारी स्टिक बॅगेतच ठेवेल, ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक गवताच्या) अवघड बाजूच्या पिनवर, म्हणजे झेंड्यावर, अटॅक करेल. नवीन माणसाला मात्र अवघड कोर्स सोपा करून घेता येत नाही, समोर १४० यार्ड पाणी आहे म्हणजे आहे, त्यावरून बॉल गेलाच पाहिजे.

आणि पब्लिक कोर्स म्हणजे सोपा कोर्स असं अजिबात समजू नका. न्यूयॉर्क राज्यातलं बेथपेज बघा, सरकारी पार्क आहे, कोणीही जाऊन खेळू शकतं, पण तिथल्या ब्लॅक कोर्सच्या पहिल्या टीजवळ चक्क पाटी आहे की हा कोर्स अत्यंत अवघड आहे, फक्त तरबेज खेळाडूंनीच खेळावा. २००२ आणि २००९ ची यूएस ओपन ही मोठी स्पर्धा तिथंच झाली. पण त्याच पार्कात रेड, ब्लू, ग्रीन, यलो असे अजून चार कोर्स आहेत. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजलासुद्धा ओल्ड कोर्स पब्लिकच, पण तिथंच बालगोव नावाचा ९ होलचा कोर्स मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी ठेवलाय. तुमच्या जवळ असं एकापेक्षा जास्त कोर्स असलेलं ठिकाण असेल तर मिक्स ग्रुपसाठी ते सगळ्यात आधी बघा.

आता स्कोअरकार्ड कसं वाचायचं. बहुतेक कोर्स स्कोअरकार्ड वेबसाइटवर टाकतात, ते उघडा आणि सगळ्यात पुढच्या टीची एकूण लांबी बघा, मागच्या टीची नाही. मागची टी ७००० यार्ड आहे ही गोष्ट जाहिरातीत छान दिसते पण तुमच्या ग्रुपला तिचा काही उपयोग नाही. २०११ मध्ये अमेरिकेत यूएसजीए आणि पीजीए या गोल्फ संघटनांनी मिळून टी इट फॉरवर्ड नावाची मोहीम काढली होती, त्यात ड्रायव्हर किती जातो त्यावरून किती लांबीचा कोर्स खेळावा ते दिलं होतं. ड्राइव्ह २५० यार्ड जात असेल तर ६२०० ते ६४००, २०० जात असेल तर ५२०० ते ५४००, आणि १५० च जात असेल तर फक्त ३५०० ते ३७०० यार्ड. शेवटचा आकडा नीट बघा. खूप कोर्सची सगळ्यात पुढची टीसुद्धा यापेक्षा बरीच लांब असते, म्हणजे पुढच्या टीवर उभं केलं की झालं असं नाही. त्यामुळं कोर्सवर किती रंगांच्या टी आहेत यापेक्षा पुढच्या आणि मागच्या टीमध्ये अंतर किती आहे ते महत्त्वाचं, ४५०० पासून ६५०० पर्यंत पसरलेल्या टी असतील तर तो कोर्स मिक्स ग्रुपसाठी सोनं आहे. आणि ड्राइव्हचा आकडा विचारताना आयुष्यातला सगळ्यात लांब गेलेला शॉट नको, नेहमी जातो तो विचारा.

पुढची टी म्हणजे बायकांची टी हा समज अजून खूप ठिकाणी आहे आणि त्यामुळं नवीन पुरुष खेळाडू तिथं उभं राहायला लाजतात. यावर उपाय ग्रुपमधल्या चांगल्या खेळाडूच्या हातात आहे, बुकिंग करतानाच त्याने सांगून टाकायचं की तू पुढून, ते दोघं मधून, मी मागून. पहिल्या टीवर सगळ्यांसमोर हा विषय काढला तर तो माणूस नको नको म्हणत मागेच उभा राहणार.

स्लोप रेटिंग हा दुसरा आकडा. तो ५५ ते १५५ च्या मध्ये असतो आणि स्टँडर्ड धरलाय ११३. बरेच जण स्लोप म्हणजे कोर्स किती अवघड असं समजतात, पण तसं नाहीये, चांगल्या खेळाडूच्या तुलनेत साधारण खेळाडूला तो कोर्स किती जास्त अवघड जाईल ते स्लोप सांगतो, म्हणजे आपल्या मिक्स ग्रुपला नेमकं जे हवंय तेच. हिशोब करून बघा, हँडिकॅप इंडेक्सला (हँडिकॅपचा आकडा) स्लोपने गुणायचं आणि ११३ ने भागायचं (पुढं कोर्स रेटिंग, म्हणजे तरबेज खेळाडूचा अपेक्षित स्कोअर, वजा पार, म्हणजे कोर्सचे ठरलेले स्ट्रोक, मिळवायचं असतं, ते इथं सोडून देऊ). स्लोप ११३ असेल तर इंडेक्स ६ वाल्याला ६ स्ट्रोकची सूट आणि २८ वाल्याला २८, फरक २२. तेच स्लोप १३५ झाला की ६ चे ७ होतात आणि २८ चे ३३, फरक २६. अवघड कोर्सवर दोघांमधली दरी वाढत जाते ती अशी. मी तर म्हणेन नवीन माणूस बरोबर असेल तर जी टी तो खेळणार तिचा स्लोप १२० च्या आत बघा. एकाच टीचं रेटिंग पुरुषांसाठी वेगळं आणि महिलांसाठी वेगळं असतं, तेवढं लक्षात ठेवा.

पण स्लोपवर पूर्ण विसंबूनही चालत नाही. रेटिंग करताना जो बोगी गोल्फर, म्हणजे साधारण खेळाडू, डोळ्यासमोर धरतात तो पुरुष असेल तर टीवरून साधारण २०० यार्ड मारतो आणि बाई असेल तर १५०. तुमचा नवीन मित्र १२० मारत असेल, त्यातलेही निम्मे जमिनीवरून घरंगळत, तर तो त्या हिशोबात कुठेच नाही. त्याच्यासाठी कोर्स डोळ्यांनीच बघावा लागतो.

आणि ते घरबसल्या जमतं. मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू उघडा आणि एकेक होल टीपासून ग्रीनपर्यंत बघत जा, १८ होलला फार वेळ लागत नाही. पहिलं बघायचं ते पाणी किंवा दरी जी ओलांडल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. पाणी बाजूला असलं तर चालतं, आडवं असलं की त्रास, आणि मॅपवरच अंतर मोजता येतं त्यामुळं पुढच्या टीपासून किती कॅरी लागते, म्हणजे बॉल हवेतून किती जायला हवा, ते मोजा, ८०-९० यार्डच्या वर कॅरी असलेले दोन-तीन होल असतील तर मी तो कोर्स सोडून देईन. मग उजवी बाजू बघा, कारण उजव्या हाताने खेळणाऱ्या नवीन लोकांचा बॉल बहुतेक वेळा उजवीकडेच वळून जातो. तिकडे शेजारचा फेअरवे (टी आणि ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) आणि मोकळी झाडं असतील तर बॉल सापडेल, कुंपण आणि आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे कोर्सची हद्द, असेल तर प्रत्येक होलला दंड. मग ग्रीनचं तोंड. समोरून मोकळं ग्रीन असेल तर घरंगळत आलेला बॉलही वर चढतो, समोर बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, असेल किंवा ग्रीन उंचावर असेल तर बॉल उचलून मारावाच लागतो आणि नवीन माणसाला नेमका तोच शॉट येत नसतो. बंकर फेअरवेच्या कडेला दोनशे यार्डांवर कितीही असू देत, ते ६ वाल्यासाठी आहेत, नवीन माणूस तिथपर्यंत पोचतच नाही. खरं सांगायचं तर असाच कोर्स दोघांनाही मजा देतो.

असा १८ होलचा कोर्स जवळपास नसेल तर ९ होलचा किंवा पार ३ कोर्स घ्या, त्यात कमीपणा काही नाही. १०० ते १५० यार्डच्या होलवर ड्रायव्हरचा फायदा संपतो आणि चांगल्या खेळाडूलाही वेजचा (जवळून बॉल उचलून मारायच्या स्टिकचा) भरपूर सराव मिळतो.

वेळेचं गणित पण कोर्सइतकंच महत्त्वाचं. बुकिंग करताना विचारा की दोन टी टाइममध्ये, म्हणजे एका ग्रुपनंतर दुसरा सोडताना, किती मिनिटं ठेवता, ८ मिनिटं असतील तर सतत मागून प्रेशर, १०-१२ असतील तर श्वास घेता येतो. रविवारी सकाळचा स्लॉट नवीन माणसाला घेऊन जाण्यासाठी नाहीच, दुपारनंतरचा घ्या, गर्दी कमी असते आणि ९ होल खेळून थांबता येतं. हेही विचारा की हरवलेल्या बॉलसाठी दोन दंड स्ट्रोक घेऊन फेअरवेजवळ ड्रॉप करायचा लोकल रूल तिथं लागू आहे का, २०१९ पासून नियमांमध्ये तशी सोय आहे, मागे टीवर चालत जावं लागत नाही. बॉल शोधायला तसेही फक्त ३ मिनिटं असतात.

फॉर्मॅट कोर्स बघून ठरवा. कॅरी जास्त असलेला कोर्सच नशिबी आला तर स्क्रॅम्बल खेळा, सगळे मारतात आणि सगळ्यात चांगल्या बॉलवरून पुढं जातात, म्हणजे एकाचा बॉल पाण्यात गेला तरी अडत नाही. कोर्स मोकळा असेल तर स्टेबलफोर्ड बेस्ट, त्यात प्रत्येक होलला स्कोअरप्रमाणे पॉइंट मिळतात, पॉइंट मिळणार नाही असं दिसलं की बॉल उचला आणि पुढच्या होलकडे चला. मैत्रीची राउंड असेल तर नवीन माणसाने लांब पार ५ वर १५० यार्डच्या खुणेपासून सुरुवात केली तरी कोणाचं काही बिघडत नाही.

शेवटचा फोन खेळायच्या आदल्या दिवशी करा. ग्रीनला नुकतीच भोकं पाडून वाळू टाकलीये का (तसं असेल तर पटिंग कोणालाच जमत नाही, आठवडा-दोन आठवडे पुढं ढकला), भाड्याने सेट मिळतो का आणि डावखुऱ्यासाठी आहे का, कार्ट फेअरवेवर नेता येते की फक्त रस्त्यावरून, कॉलरचा शर्ट लागतो का, आणि रेंज किती वाजता उघडते. नवीन माणसाला टी टाइमच्या पाऊण तास आधी बोलवा, वीस-पंचवीस बॉल मारू द्या आणि पटिंग ग्रीनवर थोडा वेळ द्या, म्हणजे त्याला त्या दिवशीच्या ग्रीनचा वेग कळेल.