लिनक्सची डिस्क विंडोज संगणकावर कशी वाचावी

फोंडा तालुक्यातील आमच्या भजनी मंडळाचा संगणक उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालत असे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री विजा कडाडत असताना त्याचा पॉवर सप्लाय जळाला, पण हार्ड डिस्क शाबूत राहिली. तिच्यात कित्येक चवथींच्या (गणेशचतुर्थींच्या) घुमट आरत्यांचे, म्हणजे घुमट या वाद्याच्या साथीने गायलेल्या आरत्यांचे, ध्वनिमुद्रण होते, आणि त्यांतील काही आवाज आता पुन्हा कधीच ऐकू येणार नाहीत. डिस्क काढून विंडोजच्या लॅपटॉपला जोडताच पडद्यावर सूचना आली, की वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल. मंडळातील एक मुलगा होकाराचे बटण दाबणार, इतक्यात मी त्याचा हात धरला.

ही सूचना आली की प्रत्येक वेळी ‘कॅन्सल’च दाबावे. डिस्क बिघडली, असा तिचा अर्थ नव्हे. विंडोजला एनटीएफएस, फॅट३२ आणि एक्सफॅट या फाइल प्रणाली, म्हणजे डिस्कवर फाइल मांडून ठेवण्याच्या पद्धती, वाचता येतात. लिनक्सच्या डिस्कवर मात्र बहुधा ईएक्सटी४ असते. ती २००८ पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, स्थिरावली आहे, पण विंडोजला ती मुळातून ओळखता येत नाही. त्यामुळे डिस्कवरचा भरलेला विभागही (पार्टिशन) विंडोजला कोरा वाटतो. त्याच कारणाने ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन तेथे काहीही ‘इनिशिअलाइझ’ करू नये अथवा पुसू नये. तेथे फक्त डिस्कचा क्रमांक आणि आकार पाहून टिपून ठेवावा.

डिस्क बाहेर काढली असेल तर ती जोडण्यासाठी सॅटा ते यूएसबी केबल लागते. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क सहसा यूएसबीच्या विजेवर चालते, पण डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. तो नसेल तर डिस्क फिरतच नाही आणि ती मेली असे समजून माणूस उगाच हताश होतो.

सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे डिस्कइंटर्नल्स कंपनीचा ‘लिनक्स रीडर’ हा मोफत प्रोग्राम. तो डिस्कवरील मजकूर केवळ वाचतो, तिच्यावर काहीही लिहीत नाही, म्हणून नवख्या माणसाने येथूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तो उतरवून बसवावा, उघडल्यावर दिसणाऱ्या यादीतून टिपलेल्या आकाराचा विभाग निवडावा आणि ‘होम’ फोल्डरमध्ये आपल्या नावाचा फोल्डर शोधावा. हव्या त्या फाइल निवडून ‘सेव्ह’चा पर्याय घ्यावा आणि त्या दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात. ही दुसरी डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट असावी. फॅट३२ वर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, आणि रात्रभराच्या भजनाचे चित्रीकरण सहज तेवढे होते.

दुसरा मार्ग मायक्रोसॉफ्टच्याच डब्ल्यूएसएलचा, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवणाऱ्या सोयीचा. विंडोज ११ वर पॉवरशेल प्रशासक म्हणून उघडून ‘डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल’ ही आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत द्यावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूलभूत सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन हा पर्याय चालू असणे आवश्यक आहे. पहिल्यांदा उबुंटू उघडल्यावर वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड ठरवावा लागतो. त्यानंतर ‘डब्ल्यूएसएल --माउंट’ लिहून, एक जागा सोडून, डिस्कचा मार्ग द्यावा. तो मार्ग असा: दोन उलट्या तिरप्या रेघा, एक टिंब, पुन्हा एक उलटी तिरपी रेघ, त्याला लागून ‘फिजिकलड्राइव्ह’ हा शब्द आणि लगेच डिस्कचा क्रमांक. शेवटी ‘--पार्टिशन’ आणि विभागाचा क्रमांक लिहावा. आज्ञा यशस्वी झाली की फाइल एक्सप्लोररच्या डाव्या बाजूस दिसणाऱ्या ‘लिनक्स’ या नोंदीत उबुंटू उघडून ‘एमएनटी’ व त्यातील ‘डब्ल्यूएसएल’ फोल्डरमध्ये त्या विभागातील फाइल पाहता येतात.

या मार्गाने डिस्कवर लिहिताही येते, म्हणून येथे फाइल हलवू नयेत, केवळ कॉपी कराव्यात. शिवाय येथे संपूर्ण डिस्कच जोडली जाते. ज्या डिस्कवरून विंडोज सुरू झाले आहे तिच्यावरचाच लिनक्स विभाग अशा तऱ्हेने उघडत नाही. पेनड्राइव्ह आणि एसडी कार्ड रीडरही या आज्ञेने जोडले जात नाहीत. अशा वेळी पुन्हा लिनक्स रीडरकडेच वळावे. विभाग लक्स या लिनक्सच्या कूटबद्धीकरणाने कुलूपबंद असेल, तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह (संगणकावर न बसवता चालणारे) उबुंटू सुरू करून मूळ पासवर्ड देणे मला अधिक सोपे वाटते.

कॉपी करताना फाइलच्या नावांनी आम्हाला बराच वेळ अडवले. लिनक्समध्ये नावात वेळ लिहिताना ‘आरती १९:३०’ असा विसर्ग चिन्हासारखा अपूर्णविराम चालतो. विंडोजला तो चालत नाही, तसेच प्रश्नचिन्हही चालत नाही. अशी फाइल अडली तर तिला नवे नाव देऊनच उतरवावी.

काम संपल्यावर ‘डब्ल्यूएसएल --अनमाउंट’ आणि तोच मार्ग लिहून डिस्क सोडवावी, नंतरच केबल काढावी. दोन्हीकडील फाइलची संख्या व एकूण आकार ताडून पाहावा आणि दहा-बारा ध्वनिमुद्रणे शेवटपर्यंत ऐकावीत. आमची मूळ डिस्क आता सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात आहे, कारण जून ते सप्टेंबर येथील दमट हवेत उघड्या कपाटातील वस्तूंनाही बुरशी धरते.