सूर्यावर रिसर्च करायचाय? ठाणे-नवी मुंबईत राहून सुरुवात कशी करायची

सूर्याचा अभ्यास करणारं इस्रोचं यान आदित्य एल-१ उडालं तेव्हापासून एक प्रश्न मला नेमाने येतो, कधी घोडबंदर रोडवरून, कधी ऐरोलीतून, कधी आमच्याच बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये. "मुलीची दहावी झाली, तिला सूर्यावर रिसर्च करायचाय, कुठला क्लास लावू?" क्लासचं नंतर बघू हो. मी सौर वाऱ्यावर पीएचडी केली, आता ठाण्यात फिजिक्स शिकवतो, आणि इतकी पोरं बघितल्यावर माझं मत पक्कं झालंय की या विषयात आधी काम करून बघायचं आणि मग परीक्षांच्या मागे लागायचं. कारण इथला डेटा फुकट आहे, संशोधक वापरतात तोच, आणि तो कळव्यातल्या टू-रूम किचनमधल्या जुन्या लॅपटॉपवरही उघडतो. कामच करून बघितलं नाही तर ते आवडतं की नाही हे कळणार कसं?

आधी हे काम नेमकं काय असतं ते सांगतो, कारण गैरसमज फार आहेत. पांढरा कोट, मोठी दुर्बीण, रात्रीचं आकाश, यातलं काही नाही. दिवसातले बरेच तास स्क्रीनवर आलेख बघायचे, डेटा साफ करायचा, कोड का चालत नाही म्हणून डोकं धरून बसायचं आणि मग आलेखात दिसतंय ते फिजिक्सने समजावता येतं का बघायचं. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार डिग्री सेल्सियस, पण त्याच्या बाहेरचं विरळ वातावरण, म्हणजे करोना, दहा लाख डिग्रीच्या वर. इतका तापलेला वायू सूर्याला धरून ठेवता येत नाही, तो सगळीकडे सुटतो, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटरने बाहेर पळत असतात, हाच सौर वारा. पृथ्वीजवळ येईपर्यंत तो इतका पातळ होतो की एका घन सेंटीमीटरमध्ये जेमतेम पाच-सहा कण.

हे सगळ्यात आधी गणिताने मांडलं अमेरिकन शास्त्रज्ञ युजीन पार्कर यांनी, १९५८ मध्ये, वय तिशीच्या आसपास. त्यांचा शोधनिबंध म्हणजे पेपर तपासणाऱ्या दोघांनीही तो नाकारला, एकाने तर आधी लायब्ररीत जाऊन वाचून या असं सुचवलं. जर्नलचे संपादक होते आपले खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर, त्यांनाही कल्पना फारशी पटली नव्हती, पण गणितात चूक सापडत नाही म्हटल्यावर त्यांनी पेपर छापला. १९६२ मध्ये मरिनर-२ यानाने शुक्राकडे जाता जाता हा वारा मोजला आणि विषय मिटला. गंमत म्हणजे ते मूळ गणित बीएस्सीच्या पोराला पेन-कागद घेऊन बसलं तर समजतं, मी वर्गात करून घेतो. करोना इतका गरम का, याचं पूर्ण उत्तर मात्र अजून कुणाकडे नाही, नासाचं पार्कर सोलर प्रोब यान २४ डिसेंबर २०२४ ला सूर्यापासून फक्त ६१ लाख किलोमीटरवरून गेलं ते याच भानगडीसाठी. म्हणजे तुमच्या मुलीला काम उरलेलं आहे, काळजी नसावी.

आता सुरुवात. गच्चीवर जा. सोसायटीच्या गच्चीला कुलूप असेल तर सेक्रेटरीला आधी सांगून ठेवा, नाहीतर निम्मी सकाळ चावी शोधण्यात जाते. लागणार एक साधी १० बाय ५० ची दुर्बीण म्हणजे बायनॉक्युलर, ट्रायपॉड आणि पांढरा पुठ्ठा. सूर्याकडे दुर्बिणीतून बघायचं नाही, एक क्षणही नाही, एक्स-रे फिल्म लावून नाही, काळी काच लावून नाही. डोळा कायमचा जातो आणि जाताना दुखतही नाही. आपण सूर्य पुठ्ठ्यावर पाडणार आहोत. बायनॉक्युलरच्या एका नळीला झाकण ठेवा, दुसरी सूर्याच्या दिशेने करा, नेम धरताना डोळा लावायचा नाही तर पुठ्ठ्यावर पडलेली बायनॉक्युलरची सावली बघायची, ती सगळ्यात लहान झाली की दिशा बरोबर. एक-दीड फुटावर पुठ्ठा धरा, फोकस फिरवा, पांढरी चकती येईल. पुढच्या भागाला भोक पाडलेला दुसरा पुठ्ठा कॉलरसारखा अडकवला तर सावली मिळते आणि चित्र एकदम उठून दिसतं. मध्ये मध्ये झाकण लावून दुर्बीण थंड होऊ द्या, आतला गोंद तापतो, आणि लहान भावंडं आसपास असतील तर हा उद्योग त्या दिवशी नकोच.

नीट बघितलंत तर चकतीच्या कडा मध्यापेक्षा जराशा काळसर दिसतील, ते खरं आहे, कडेला आपल्याला वरचे, तुलनेने थंड थर दिसतात. आणि काळे ठिपके दिसले तर ते सौर डाग. कागदावर एक वर्तुळ काढून ठेवा, रोज त्याच मापाची चकती पाडा, पेन्सिलने डाग नोंदवा, तारीख-वेळ लिहा. सकाळी आठ-नऊ बरं, नंतर गच्चीवरचा पत्रा आणि एसीच्या बाहेरच्या युनिट्सची गरम हवा यामुळे चित्र थरथरायला लागतं. डाग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकायला साधारण तेरा-चौदा दिवस लागतात, पृथ्वीवरून बघताना सूर्याचा एक फेरा सुमारे २७ दिवसांचा पडतो, आणि हा आकडा पोरांनी स्वतःच्या वहीतून काढला ना की डोळे चमकतात, मग त्यांना मला काही समजवावं लागत नाही. कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०४ पासून रोज सूर्याचे फोटो निघतायत, मूळ कल्पना तीच, रोज बघा आणि नोंदवून ठेवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढग, तेव्हा वही बंद.

ढगांचे ते चार महिने कॉम्प्युटरवर घालवायचे, आणि खरं करिअर तिथे सुरू होतं. पायथन शिका, जास्त नाही, फाइल वाचता आली, आलेख काढता आला, तारखा सांभाळता आल्या की पुरे. मशीन दणकट लागत नाही, गुगल कोलॅबवर ब्राउझरमध्येच चालतं. मग नासाची ओम्नी नावाची डेटाबँक उघडा, सौर वाऱ्याचा वेग, घनता, चुंबकीय क्षेत्र, सगळं तासातासाचं, फुकट. पहिला अभ्यास म्हणून मी सगळ्यांना मे २०२४ देतो, तेव्हा सूर्यावरच्या स्फोटांमुळे पृथ्वीवर मोठं सौर वादळ आलं होतं. ८ ते १४ मे घ्या, वेगाचा आलेख काढा. काही ठिकाणी रेघ एकदम आभाळात जाईल, ९९९९ वगैरे. पोरं खुश होतात, सर काहीतरी शोध लागला. शोध नाही बाळा, यानाने त्या तासाला मोजलंच नाही तेव्हा तिथे ९९९९ भरून ठेवतात, ते काढून टाक. मी आधी मुद्दाम सांगत नाही, कारण डेटावर शंका घ्यायची सवय इथेच लागते आणि ती सवय पुढे पीएचडीत सगळ्यात जास्त कामाला येते.

साफ केल्यावर दिसेल की १० मेला वेग सेकंदाला ७०० किलोमीटरच्या वर गेलाय आणि चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण भाग, ज्याला सगळे बीझेड म्हणतात, तो उणे झालाय, चांगलाच उणे. बीझेड दक्षिणेकडे वळलं की ते पृथ्वीच्या क्षेत्राला उलटं भिडतं, जोडणी होते आणि ऊर्जा आत घुसते. वेग कितीही असो, बीझेड उत्तरेकडे असेल तर फार काही होत नाही. त्या रात्री लडाखमध्ये हानलेला आकाश लाल झालं होतं, फोटो तुम्ही पाहिले असतील. आता त्याच तारखांचा डीएसटी निर्देशांक, म्हणजे वादळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती घटलं ते सांगणारा आकडा, जपानमधल्या क्योटोच्या डेटा सेंटरवरून घ्या आणि खाली जोडा, तो उणे ४०० नॅनोटेस्लाच्याही (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) खाली गेलेला दिसेल. आधी काय बदललं, मग काय बदललं, मध्ये किती तास गेले, हे लिहून काढा, दोन पानं, मराठीत चालेल. तुमचा पहिला रिपोर्ट तयार.

एक हिशोब तोंडी करून ठेवा. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर, वारा सेकंदाला ४०० किलोमीटरने आला तर चार दिवसांच्या थोडं वर. एल-१ बिंदू, म्हणजे सूर्य आणि पृथ्वीच्या मधली यानं ठेवायची जागा, आपल्यापासून १५ लाख किलोमीटरवर, तिथून इथे यायला जेमतेम एक तास. म्हणजे तिथल्या यानांनी बीझेड मोजलं की आपल्या हातात तासभर, वेगवान वादळ असेल तर अर्धाच. सूर्यावर स्फोट झालेला कळतो दोन-तीन दिवस आधी, पण त्याचं बीझेड कुठे वळलेलं असेल हे आधी सांगता येत नाही, या एका प्रश्नावर जगभर माणसं कामाला लागलीयत. आदित्य एल-१ सहा जानेवारी २०२४ ला तिथेच पोचलं, सात उपकरणं घेऊन, त्यातलं अ‍ॅस्पेक्स अहमदाबादच्या पीआरएल या संशोधन संस्थेचं, ते सौर वाऱ्याचे कण मोजतं, आणि सूर्याचे अतिनील फोटो काढणारं सूट पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने केलंय. आदित्यचा डेटा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नाव नोंदवून मिळतो. सुरुवातीला जरा किचकट वाटेल, म्हणून आधी ओम्नी.

आपल्या भागाचं एक सांगतो, कारण सगळ्यांना वाटतं हे काम बंगलोर नाहीतर अमेरिकेत. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे, कळंबोली हायवेजवळ, लोक रोज समोरून जातात आणि माहीत नसतं. त्यांची अलिबागची वेधशाळा म्हणजे मूळची कुलाब्याची, मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि चुंबकाच्या नोंदी बिघडणार म्हणून १९०४ मध्ये ती अलिबागला नेली. त्याआधी कुलाब्यात सप्टेंबर १८५९ च्या त्या प्रचंड सौर वादळाची नोंद झाली, सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट, आजही जगभरचे लोक त्या आकड्यावर वाद घालतात. आणि कल्याणला १९६५ मध्ये रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ३२ छोट्या डिश लावून सूर्याचा रेडिओ अभ्यास सुरू केला होता, नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या कितीतरी आधी. खोडदला २८ फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान प्रदर्शन असतं, माळशेज मार्गे गाडी काढा, ४५ मीटरच्या अँटेनाखाली उभं राहून या, पोरांनी तिथल्या इंजिनीअरना प्रश्न विचारू देत, आईवडिलांनी जरा मागे राहावं.

परीक्षांचं पटकन. अकरावी-बारावीत फिजिक्स-गणित पक्कं, खगोलशास्त्राच्या ऑलिम्पियाडची पहिली पायरी एनएसईए देऊन बघा, पुढचं काम मानखुर्दचं होमी भाभा केंद्र बघतं, हार्बर लाइनवरच आहे. बारावीनंतर आयसर, नायसर किंवा कलिन्याचं सीईबीएस या विज्ञान शिकवणाऱ्या सरकारी संस्था, आयसर हवं तर आयएटी ही प्रवेश परीक्षा, नायसर आणि सीईबीएस हवं तर नेस्ट. नाही लागला नंबर तर ठाण्या-मुलुंडच्या कॉलेजात साधं बीएस्सी फिजिक्स करा, त्यात कमीपणा काही नाही, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी आणि जेस्ट किंवा नेट या परीक्षा देऊन पीएचडी. इंजिनीअरिंग केलेल्यांनाही दार बंद नाही, उपकरणं बनवायला तेच लागतात. पीएचडीत जेआरएफ म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती सध्या महिना ३७ हजार, वर घरभाडं भत्ता, दोन वर्षांनी ४२ हजार. पाच-सहा वर्षं जातात, मग एक-दोन पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन नोकऱ्या, बहुतेक बाहेरगावी, आणि कायमची नोकरी लागेपर्यंत पस्तिशी येते हे घरच्यांना आत्ताच सांगून टाका, नंतर मावशी-काकूंनी विचारायला सुरुवात केली की जड जातं. जागा मोजक्या असतात हेही खरं. पण डेटा हाताळायची ही सवय बाहेर कुठेही विकली जाते, माझ्यासोबतचे कितीतरी आज ऐरोली-महापेच्या आयटी पार्कात बरे कमावतायत आणि कुणी उपाशी नाही.

शेवटचं काम ईमेलचं, साधारण बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासून. उन्हाळी प्रोजेक्टसाठी प्राध्यापकांना लिहायचं असतं आणि इथे नव्वद टक्के पोरं "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम पॅशनेट अबाउट स्पेस" लिहून पाठवतात, एकाच मजकुराचे चाळीस ईमेल, उत्तर शून्य. तुम्ही त्या माणसाचा एक पेपर उघडा, सगळा कळला नाही तरी चालेल, त्यातला एक आलेख निवडा, तोच डेटा काढून तो आलेख स्वतः काढायचा प्रयत्न करा. मग पाच ओळी लिहा: मी अमुक कॉलेजात, तुमचा हा आलेख मी काढून बघितला, इथपर्यंत जमलं, इथे माझा वेग तुमच्यापेक्षा जास्त येतोय, का ते कळत नाही, मे-जूनमध्ये तुमच्याकडे काम करायला मिळेल का. आलेख आणि कोड जोडा, मार्कशीट मागितली तरच द्या. जानेवारीत पाठवा, एप्रिलपर्यंत जागा भरलेल्या असतात. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग पुढचा पेपर उघडा.