नव्या मत्स्यटाकीतले दोष: मासे सोडण्याआधी काय तपासावं, काय दुरुस्त करावं

नव्या टाकीत दोष असेल तर तो मासे सोडण्याआधी सापडावा, एवढ्यासाठी हा लेख. घाई करायचं कारणही नाही. फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू (माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया संपवणारे) बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर टाकी माशांसाठी तयार नसतेच. त्याआधीचे काही दिवस काच, जोड आणि स्टँड यांच्या तपासणीला द्या.

आधी वजनाचा अंदाज घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे 56 लिटर पाणी मावतं. तीन फूट बाय दीड बाय दीडच्या टाकीत सुमारे 190. काच, वाळू, दगड आणि स्टँड धरून ही दुसरी टाकी अडीचशे किलोच्या पुढे सहज जाते. शिवाय पाणी बाजूच्या काचांनाही ढकलत असतं. काठोकाठ भरलं तर दोन फुटी टाकीच्या पुढच्या काचेवर सुमारे 28 किलोंचा जोर येतो, तीन फुटीच्या काचेवर सुमारे 95 किलोंचा. म्हणजे टाकी थोडीच मोठी दिसते, पण जोर तिपटीहून जास्त होतो. हा जोर तळाशी सगळ्यात जास्त असतो, म्हणून तपासतानाही नजर तळाच्या जोडांवर जास्त ठेवा.

टाकी कोरडी असताना

दुकानातच, पैसे देण्याआधी, मोबाइलचा टॉर्च लावून चारही उभे जोड आणि तळाचे चार जोड पाहा. प्रत्येक जोडात काचा चिकटवणारं सिलिकॉन दोन ठिकाणी असतं. एक थर दोन काचांच्या मध्ये दाबलेला असतो, तोच टाकी धरून ठेवतो. दुसरा आतल्या कोपऱ्यात बोटाने ओढलेला असतो; तो मधल्या थराला माशांपासून, शेवाळ खरवडायच्या ब्लेडपासून जपतो. ग्राहकाचं लक्ष नेमकं या दुसऱ्या थराकडे जातं, कारण तो ओबडधोबड असला की डोळ्यांत खुपतो. ओबडधोबड असला तरी चालेल, सलग असला पाहिजे. खरं पाहायचं ते काचांच्या मधल्या थरात.

पारदर्शक सिलिकॉन काचेला नीट चिकटलं असेल तर जोड सगळीकडे एकसारखा ओलसर दिसतो. जिथे सुटलं असेल तिथे टॉर्चच्या उजेडात चंदेरी चकाकी दिसते. टाचणीच्या डोक्याएवढे सुटे बुडबुडे जवळपास प्रत्येक हातबनावटीच्या टाकीत असतात, त्यांनी काही बिघडत नाही. पण जोडाच्या आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत पोचलेला बुडबुडा, किंवा ओळीने लागून असलेले बुडबुडे, ही पाण्याला मिळालेली वाट आहे. अशी टाकी घेऊ नका. काळ्या सिलिकॉनमध्ये यातलं काहीच दिसत नाही, त्यामुळे पहिली टाकी पारदर्शक सिलिकॉनची घ्यावी असं मी सांगेन.

मग काचेच्या कडांवरून कापड फिरवा. कड घासलेली असेल तर कापड अडकत नाही. कोपऱ्याचा लहानसा टवका उडालेला असेल आणि तो जोडाच्या बाहेर असेल तर तेवढ्याने टाकी नाकारायची गरज नाही. टवक्यातून निघालेली केसासारखी रेघ मात्र तडा आहे. नख फिरवून पाहा. नख अडलं तर तो ओरखडा नव्हे, असं समजून चाला. काचेची जाडीही पट्टीने मोजा. जाडी दुप्पट झाली की काच आठपट ताठ होते, म्हणून पाच मिलिमीटर आणि आठ मिलिमीटर यांतला फरक दिसतो त्यापेक्षा खूप मोठा असतो. तीन फुटी, दीड फूट उंच टाकी पाच मिलिमीटरच्या काचेत कोणी स्वस्तात देत असेल तर नम्रपणे नाही म्हणा.

स्टँड

माझ्या मते निम्म्याहून जास्त काळजी इथेच घ्यायला हवी. टाकी चांगली असते, स्टँड वाकडा असतो, आणि दोष काचेच्या माथी येतो.

स्टँड त्याच्या कायमच्या जागी ठेवा आणि वर पाणसळ (स्पिरिट लेव्हल) ठेवून लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर पाहा. तीन फुटांत दोन-तीन मिलिमीटरचा सरळ उतार टाकीला सहन होतो. सहन होत नाही तो पीळ, म्हणजे तीन कोपरे एका पातळीत आणि चौथा खाली. मग तळकाच त्या कोपऱ्यात अधांतरी राहते आणि पाण्याचं वजन आलं की जोड पिळवटतो. तपासायला सोपं आहे: रिकामी टाकी स्टँडवर ठेवा आणि कडेने जाड कागद सरकवून पाहा. कुठल्या कोपऱ्यात तो आत शिरतो ते लगेच कळतं. लोखंडी अँगलच्या स्टँडमध्ये वेल्डिंगचा उंचवटा राहिलेला असतो, तो घासून घ्या.

पाचर लावायची ती स्टँडच्या पायाखाली, टाकीखाली कधीच नाही. टाकीखाली एका कोपऱ्यात पुठ्ठा दुमडून घातला की सगळा भार त्या बिंदूवर येतो आणि तिथूनच तडा जातो. बाल्कनीत ठेवणार असाल तर लक्षात घ्या, तिथली फरशी पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उताराची केलेली असते.

आपल्याकडे दुकानात बनणाऱ्या बिनचौकटीच्या टाकीची तळकाच थेट स्टँडवर टेकते. तिच्याखाली संपूर्ण मापाचा थर्माकोलचा किंवा फोमचा अखंड तुकडा घाला, बारीक उंचवटे त्यात मुरतात. प्लॅस्टिकची चौकट असलेल्या तयार टाकीत तळकाच चौकटीवर, जमिनीपासून वर उचललेली असते. तिच्याखाली फोम घातला तर तो मधोमध वर फुगून तळकाचेला ढकलतो. या टाकीखाली काही घालू नका.

जागेचाही प्रश्न आहे. राहत्या घराची स्लॅब आपल्याकडच्या मानकानुसार (आयएस 875, भाग 2) खोल्यांसाठी दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 200 किलो, वापराचा भार धरून आखतात. दोन फुटी टाकीची चिंता नको. तीन फुटी टाकी भिंतीलगत, खाली तुळई असेल तिथे ठेवा. चार फूट आणि पुढच्या टाकीसाठी, विशेषतः जुन्या इमारतीत, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून घ्या.

पाण्याची चाचणी

वाळू, दगड, फिल्टर, काहीही आत न घालता चाचणी घ्या. टाकीभोवती आणि स्टँडखाली कोरडं वर्तमानपत्र पसरा. ओल आली की कागदाचा रंग बदलतो, फरशीवर ती तासन्‌तास दिसत नाही.

एक तृतीयांश भरा, काही तास थांबा. बाहेरून प्रत्येक जोडावर टिश्यू पेपरची घडी फिरवा. मग दोन तृतीयांशपर्यंत भरा, रात्रभर ठेवा. मग नेहमीच्या पातळीपर्यंत. टप्प्याटप्प्याने भरण्याचा फायदा असा की गळती सुरू झाली तर ती कोणत्या उंचीवर आहे हे कळतं. पूर्ण भरल्यावर पाण्याच्या रेषेवर चारही कोपऱ्यांत मार्करने खूण करा. टाकीचा तिरकेपणा आणि पाणी कमी होणं, दोन्ही त्यावरून दिसेल. किमान दोन दिवस अशीच ठेवा.

पुढच्या काचेच्या वरच्या कडेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून मधला फुगवटा मोजा, भरल्याबरोबर एकदा आणि दुसऱ्या दिवशी एकदा. थोडा फुगवटा येणारच, पण तो लगेच येऊन थांबतो. वाढत गेला तर पाणी काढा. इलाज म्हणजे टाकी रिकामी करून, काच सरळ झाल्यावर, वरच्या कडेला काचेची आडवी पट्टी बसवून घेणं. भरलेल्या टाकीला पट्टी चिकटवायचा प्रयत्न करू नका.

ओल दिसली म्हणजे गळतीच, असं मानू नका. पावसाळ्यात कोकणपट्टीत थंड पाण्याने भरलेल्या टाकीच्या काचेवर बाहेरून दव धरतं आणि ओघळून कागद भिजवतं. पुसून तासाभराने पाहा: दव सगळ्या काचेवर सारखं येतं, गळती एकाच जागी परत येते.

दोष सापडल्यावर

तडा गेलेल्या काचेवर सिलिकॉन फासणं हा उपाय नाही. काच बदलावी लागते. तळकाचेला तडा असेल तर टाकी परतच करा. टफन केलेली (तापवून कडक केलेली) काच तर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, आणि फुटली की अख्खी एकदम फुटते. काचांमधला मुख्य थर सुटला असेल तर टाकी उलगडून पुन्हा जोडावी लागते. नव्या टाकीच्या बाबतीत ते काम विकणाऱ्याचं आहे. म्हणून पक्कं बिल घ्या, त्यावर माप आणि काचेची जाडी लिहून घ्या, आणि चाचणीचा व्हिडिओ काढून ठेवा.

मुख्य जोड शाबूत असून फक्त आतला कोपऱ्यातला थर सुटला असेल, तर दुरुस्ती घरी जमते. टाकी रिकामी करून पूर्ण कोरडी करा. मग त्या कोपऱ्यातला थर ब्लेडने खरवडून काढा, फक्त गळक्या जागेपुरता नाही. ताजं सिलिकॉन वाळलेल्या सिलिकॉनला नीट धरत नाही, त्यामुळे ठिगळाच्या कडेनेच पाणी पुन्हा वाट काढतं. त्याच कारणाने लगतच्या कोपऱ्यांतला थरही काढून सगळं एका दमात पुन्हा ओढणं उत्तम. ब्लेड काचांच्या मधल्या फटीत मात्र शिरू देऊ नका.

काच ॲसिटोनने पुसा, खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास गॅस पेटता नको. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना सात-आठ मिलिमीटर सोडून मास्किंग टेप लावा. नळीवर शंभर टक्के सिलिकॉन लिहिलेलं असावं आणि ते मत्स्यटाकीसाठी चालतं असा उल्लेख असावा. बाथरूमसाठीचं, बुरशीरोधक सिलिकॉन नको. त्यातली रसायनं माशांना घातक ठरतात. काचेला चालणारं नेहमीचं सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास सोडतं. सलग रेघ ओढा, लगेच ओल्या बोटाने एका दमात सपाट करा, आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप काढा. थोडा वेळ गेला की वर साय धरते आणि टेपबरोबर थरही उचलला जातो.

वरून हाताला कोरडं लागतं, आत नसतं. वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. आठवडाभर थांबलात तर उत्तम. मग वरची सगळी चाचणी पुन्हा पहिल्यापासून.

मासे असताना गळती लागली तर

आधी बटणं बंद करून प्लग काढा. हीटर पाण्याबाहेर तापलेला राहिला तर तडकतो. मग गळतीच्या जागेखाली येईपर्यंत पाणी काढा, पण ते फेकू नका: स्वच्छ बादल्यांत, साबण न लागलेल्या टबात भरा. मासे त्याच पाण्यात हलवा, एअर पंपाची नळी सोडा, वर जाळी किंवा ताट झाका, घाबरलेले मासे उड्या मारतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते काढणारं औषध घातल्याशिवाय ते वापरू नका. फिल्टरमधला स्पंज त्याच जुन्या पाण्यात बुडवून ठेवा, जमलं तर हवेच्या नळीजवळ. तो वाळला किंवा नळाखाली धुतला गेला तर आठवड्यांनी बसलेले जिवाणू मरतात, आणि दुरुस्त टाकीत परत गेलेले मासे मग अमोनियाने आजारी पडतात.