डीओ मीटरचं कॅलिब्रेशन: मे महिन्यात काय सांभाळायचं

मामा (माजी मालगुजारी) तलावाचं, बोडीचं म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्याचं पाणी तपासायला आमच्या कॉलेजात डीओ मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा मीटर, रोज बाहेर निघतो. त्याचे आकडे खरे लावून घ्यायचे, म्हणजे कॅलिब्रेशन करायचं, तर ‘प्रोब (पाण्यात बुडवायची दांडी) हवेत धरा, बटण दाबा, झालं’ असं बरेच जण सांगतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे अजिबात ऐकू नका.

आधी सोपी कामं. प्रोबच्या टोकाला ऑक्सिजन आत सोडणारा पातळ पडदा असतो. त्याला सुरकुती असेल किंवा आत बुडबुडा दिसला तर पडद्याची कॅप बदला, आतलं द्रावण (इलेक्ट्रोलाइट) नवं भरा. पोलॅरोग्राफिक प्रोब (सुरू केल्यावर स्थिर व्हायला वेळ घेणारा प्रकार) असेल तर मीटर सुरू करून पंधरा मिनिटं थांबा. शून्याचा आकडा लावायला सोडियम सल्फाइटचं ताजं द्रावण घ्या, त्यात ऑक्सिजन उरत नाही, नंतर प्रोब भरपूर धुवा.

खरी गोम शंभर टक्क्यांच्या बिंदूत आहे, म्हणजे पाण्यात मावेल तेवढा ऑक्सिजन असतानाचा आकडा हवेत लावण्यात. एका मे महिन्यात मी ओला प्रोब कूलरसमोर धरून कॅलिब्रेशन उरकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तलावावर मीटरने लिटरला ७.४ मिलिग्रॅम दाखवलं. तेच पाणी विंकलर पद्धतीने, म्हणजे रसायनं घालून, तपासलं तर ६.१. आठवडाभराच्या नोंदी फेकाव्या लागल्या. कारण असं, की वाऱ्याच्या झोतात ओला पडदा झपाट्याने थंड होतो, पण तापमान मोजणारा भाग मागे राहतो. थंड पडद्यातून ऑक्सिजन कमी जातो, त्यामुळे प्रोबमधला विजेचा करंट कमी होतो, तो कमी करंटच मीटर शंभर टक्के धरतो आणि पुढचा प्रत्येक आकडा फुगतो. पडद्यावर राहिलेला थेंबही हेच करतो, म्हणून तो टिश्यूने हलकेच टिपा, घासू नका.

कूलर, पंखा बंद करा. आतली हवा दमट राहावी म्हणून बाटलीत तळाला दोन चमचे पाणी घाला, प्रोब पाण्याच्या इंचभर वर टांगा, झाकण सैल ठेवा. घट्ट लावलं तर आतला दाब बदलतो. बाटली पाण्याच्या बादलीत उभी करा. तापमानाचा आकडा पाच मिनिटं जागचा हलत नाही तोवर बटणाला हात लावू नका. अर्धा तास लागतो, लागू द्या.

मीटरमध्ये हवेचा दाब हाताने भरायचा असेल तर मोबाइलवरचा हवामानाचा आकडा घेऊ नका, तो समुद्रसपाटीच्या हिशोबात बदललेला असतो. ३० अंशांना समुद्रसपाटीवर संपृक्त (ऑक्सिजन पुरेपूर भरलेल्या) पाण्यात लिटरला ७.५६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. गोंदियाकडे, सुमारे ३०० मीटर उंचीवर, ७.३ च्या आसपास. बादलीतल्या पाण्यात मत्स्यटाकीचा पंप अर्धा तास चालवा आणि पाणी ३० अंशांचं असताना आकडा इथे येतो का बघा. नाही आला तर पडदा बदलून पुन्हा सुरुवात.

काम झालं की प्रोब ओल्या स्पंजच्या टोपीत ठेवा, स्पंज पडद्याला टेकू देऊ नका.