हौशी रंगमंचावर 'ॲन इन्स्पेक्टर कॉल्स' बसवताना

रहस्यनाट्य प्रथमच करू पाहणाऱ्या हौशी संस्थेने जे. बी. प्रीस्टली यांच्या 'ॲन इन्स्पेक्टर कॉल्स'पासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. १९४५ साली सोव्हिएत संघात प्रथम रंगमंचावर आलेले हे तीन अंकी नाटक १९१२ मधल्या बर्लिंग नावाच्या एका इंग्रज कारखानदाराच्या जेवणघरात, एकाच संध्याकाळी घडते : एका तरुणीच्या मृत्यूच्या चौकशीसाठी तिथे इन्स्पेक्टर येतो. पात्रे फक्त सात असल्याने मोजक्या सभासदांना आणि बेताच्या खर्चात ते झेपते.

प्रथम परवानगीचे पाहावे. प्रीस्टली १९८४ मध्ये निवर्तले आणि आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क अबाधित असतात. म्हणून प्रयोगाची आणि मराठीत करायचे असल्यास अनुवादाचीही लेखी संमती तालमींपूर्वीच मिळवावी. महाराष्ट्रात संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडेही पाठवावी लागते.

पहिले वाचन सर्वांनी मिळून, सलग करावे. दुसरे मात्र तिसऱ्या अंकापासून मागे येत करावे, कारण शेवट ठाऊक झाल्यावरच आधीच्या साध्या वाटणाऱ्या वाक्यांत काय दडले आहे ते नटाला उमगते. मग प्रत्येकाने वहीत लिहावे : पडदा उघडण्यापूर्वी मी काय केले आहे, ते कोणापासून लपवतो आहे आणि कोणत्या वाक्यापर्यंत. पहिल्या अंकात बायकांच्या कपड्यांविषयी बोलणे चालले असताना बर्लिंगचा मुलगा एरिक 'हो, मला आठवते' असे उत्साहाने म्हणू लागतो आणि एकदम थांबतो. हा धागा आहे. तो ठासून म्हटला तर प्रेक्षक तिथेच सावध होतो, आणि पुटपुटला तर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. वाक्य स्वच्छ ऐकू जावे, पण सहनटांनी त्याच्याकडे वळून पाहू नये.

सर्वांत जास्त तालीम छायाचित्राची लागते. इन्स्पेक्टर मृत मुलीचे छायाचित्र एका वेळी एकालाच दाखवतो. एरिक आणि बर्लिंगचा होणारा जावई जेराल्ड पाहायला उठतात तेव्हा तो मध्ये उभा राहतो. पुढे याच गोष्टीवर बरेच काही अवलंबून असल्याने खुर्च्यांच्या जागा आणि नटांच्या हालचाली ठरवताना कोणाच्या नजरेच्या टप्प्यात छायाचित्र येते, हे दिग्दर्शकाने प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसून तपासावे. हातात कोरा कागद देऊ नये. खरे छायाचित्र समोर असले की नटाची नजर त्यावर जितकी ठरायला हवी तितकीच ठरते.

दारावरची घंटा बर्लिंगचे वाक्य अर्ध्यावर तोडते. माणसाने आपल्यापुरते पाहावे असे तो मुलांना सांगत असतो, आणि म्हणूनच घंटा वाजवणाऱ्याला ते संपूर्ण भाषण पाठ हवे. रंगमंचावर बोलायला संकोचणाऱ्या सभासदाला हे काम अवश्य द्यावे. साऱ्या नाटकाची कळ आपल्या बोटाखाली आहे हे जाणवल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, त्यासाठीच मला हौशी रंगभूमी प्रिय आहे. प्रकाशाची सूचना लेखकानेच दिली आहे : इन्स्पेक्टर येईपर्यंत गुलाबी आणि जवळिकीचा, तो आल्यावर अधिक प्रखर आणि कठोर. त्यासाठी दोन प्रकाशरचना पुरतात. पोर्ट या मद्याऐवजी पेल्यांत कोकम सरबत चालते.

मध्यंतर दुसऱ्या अंकानंतर ठेवावे. एरिक दारात उभा, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर आणि पडदा. तिसरा अंक नेमक्या त्याच क्षणापासून उघडतो. रंगीत तालमीत पडदा पडताच मोबाइलवर त्या दृश्याचे छायाचित्र काढून ते विंगेत लावावे आणि मध्यंतरानंतर प्रत्येकाने ते पाहूनच जागा घ्यावी. त्या दहा-पंधरा मिनिटांत एका सभासदाला चहाच्या टेबलाजवळ उभे करावे. प्रेक्षक कोणावर संशय घेत आहेत आणि कोणता धागा कोणाच्याच बोलण्यात नाही, हे त्याने मुकाट्याने टिपून आणले, तर पुढच्या प्रयोगाच्या तालमीत नेमके कोणते वाक्य पुन्हा घासायचे ते कळते.