जुनं घर: डागडुजी करायची की पाडून नवं बांधायचं?

मे महिन्यात कुठलंही घर धडधाकटच दिसतं, म्हणून जुन्या घराचा निकाल उन्हाळ्यात लावू नका. आपल्या बेळगाव-खानापूरच्या पावसात ते कसं उभं राहतं हे एक अख्खा पावसाळा बघा आणि दिवाळीनंतर ठरवा. मातीची भिंत पोटाला फुगली असेल तर मात्र थांबू नका, त्या खोलीतून आजच बाहेर पडा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात जिल्ह्यात भिजलेल्या भिंतींनी किती घरं नेली, ते आपण पाहिलंय.

आधी भेगा बघा. गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगांना घाबरू नका. पण खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरकी चढलेली आणि आतबाहेर दोन्हीकडे दिसणारी भेग म्हणजे बहुधा पाया बसतोय. तिच्यावर काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवा, शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर घर अजून हलतंय. बैलहोंगल-सौंदत्तीकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते; तिथं उथळ पायाच्या घराची भेग कितीही बुजवा, दरवर्षी उघडते. तांबड्या मातीवरचं जांभ्याच्या चिऱ्यांचं घर सहसा दुरुस्तीवर निभावतं.

मग लाकूड. तुळई मधोमध नाही, भिंतीत घुसते तिथं कुजते. स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिथंच टोचा. आमच्या सोप्यातल्या तुळईवर ऑइलपेंट चकचकीत होता. टोकाला टोचलं तर भुगा हातात आला. मधलं सागवान मात्र खणखणीत. सुतारानं कुजकं टोक कापलं, खाली खांब दिला आणि घर वाचलं. आढं आणि सगळ्या तुळया गेल्या असतील तरी भिंती ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या असतील तर फक्त छप्पर बदला. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा तेवढा करू नका. ओल आत कोंडते आणि भिंत आतून विरघळते. चुन्याचा करा.

पाडायचंच ठरलं, तर कुदळ लावण्याआधी कागद बघा. उताऱ्यावर भावकीतली कोणाकोणाची नावं आहेत? शेजारची भिंत सामाईक आहे का? पंचायत हद्दीत ई-स्वत्तूचे, म्हणजे कर्नाटकातल्या पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत-नोंदीचे, उतारे हातात हवेत. नव्या परवान्याला बहुधा घराभोवती जागा सोडावी लागते. गल्लीतल्या अरुंद घरात त्यापायी अख्खी खोली जाऊ शकते, म्हणून इंजिनिअरकडून नवा नकाशा आधी काढून घ्या.

खर्चाचे दोन्ही अंदाज एकाच माणसाकडून घ्या. नव्यात पाडकाम, राडारोडा, भाड्याचं घर धरा. दुरुस्ती नव्याच्या निम्म्याच्या आत बसत असेल, तर मी दुरुस्तीच करेन.

आणि पाडताना थेट जेसीबी घालू नका. कौलं, वासे, चौकटी, चिरे हातानं उतरवून घ्या. नव्या घराला त्यातलं बरंच लागतं.